ढगाआडचा ग्रुप फोटो

"हलू नका. मान थोडी डावीकडे... अंहं, तुमची डावी. हां. आता श्वास घ्या आणि आतच ठेवा. हलायचं नाही."

ताईनं हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला चेहरा नव्हता. तीन पायांवर उभं एक खोकं, त्यावर काळं कापड, कापडाखालून निघालेले आणखी दोन पाय, आणि कापडाच्या पोटातून येणारा हा आवाज. ते खालचे दोन पाय बाबांचे आहेत हे तिला चपलांवरून कळायचं. शाळा सुटली की ती स्टुडिओच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसायची. समोर कुणाचंही बूड खुर्चीवर असो, श्वास मात्र हिचा थांबायचा. मग 'खट्' व्हायचं, कापडातून बाबांचं डोकं बाहेर यायचं, केस विस्कटलेले, आणि ते म्हणायचे, "झालं. आता हललात तरी चालेल." त्याबरोबर त्या एवढ्याशा खोलीचा जीव भांड्यात पडायचा. खुर्चीतला माणूस खोकून घ्यायचा, खाजवून घ्यायचा, पुन्हा स्वतःसारखा दिसायला लागायचा.

बाबांच्या तोंडून तिनं कधी न ऐकलेला शब्द एकच, 'छान'. गिऱ्हाईक फोटो न्यायला यायचं, हरखून म्हणायचं, "वा, छान आलाय हो!" बाबा पाकीट बंद करत म्हणायचे, "ठीक आहे." ताई शाळेत पहिली आली तेव्हाही ठीक होतं. आई एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, पोरीला एकदा छान म्हणा की! जीभ झिजेल का?" त्यावर बाबा काचेवरची धूळ फुंकत म्हणाले होते, "छान म्हटलं की माणसं हलतात."

झालं. त्या दिवसापासून पोर जी हलायची थांबली ती आता चाळिशी ओलांडली तरी 'छान'ची वाट बघत होती. आई गेली, स्टुडिओला कुलूप लागलं, बाबा ताईकडे राहायला आले. येताना कॅमेरा कुणाला तरी देऊन आले, पण ते काळं कापड घडी करून पिशवीत आणलं. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. घरातल्या धुण्यात ते कधी पडलं नाही. एकदा जावयांनी चुकून त्यानं चष्मा पुसला, तर चार दिवस घरात पंख्याशिवाय गारवा होता.

आता ताईच्या नोकरीचं सांगायला हवं, आणि खरी पंचाईत तिथंच आहे, कारण तिची नोकरी आजवर कुणालाही एका दमात समजलेली नाही. ती जंगलं मोजायची. जंगलात न जाता. आकाशातून फिरणाऱ्या सॅटेलाइटवरच्या रडारनं. बाबांना तिनं हे निरनिराळ्या प्रकारे सांगून पाहिलं होतं.

"बाबा, तुमचा कॅमेरा उजेडाची वाट बघत बसतो. हे यंत्र वाट बघत नाही. ते स्वतःच वरून हाक मारतं आणि खालून ओ येते ती ऐकतं. झाडाची पानं हलकी ओ देतात, फांद्या जरा जोरात, बुंधा खर्जात. घनदाट रानाची ओ वेगळी, तोडलेल्या रानाची वेगळी. शांत तळं ओच देत नाही, म्हणून ते काळं दिसतं. त्या ओ वरून आम्ही सांगतो की या डोंगरावर लाकूड किती, रान वाढलं की घटलं. ढग असोत, अंधार असो, फोटो येतोच."

बाबा शांतपणे ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "हाकेला ओ आली म्हणजे फोटो झाला? मग डोंगरावर उभं राहून बोंबलणारा प्रत्येक माणूस फोटोग्राफरच म्हणायचा."

तिनं आणलेल्या छापील प्रतीकडे ते भिंगातून बघायचे. रडारचं चित्र असतंच तसं, करडं, दाणेदार, कागदावर मीठ-मिरी सांडल्यासारखं. "हे तुझं मीठ-मिरी," असंच ते त्याला म्हणायचे. कधी 'नकाशा' म्हणायचे, कधी 'ते ऑफिसचं'. फोटो हा शब्द काही ते तिच्या कागदाला लावायचे नाहीत. शेजाऱ्यांनी विचारलं, मुलगी काय करते, तर उत्तर ठरलेलं, "असते ऑफिसात."

एकदा जेवताना मात्र ते आपणहून म्हणाले, "त्यात मला माझं घर दाखव. मी जिथं बसलोय ते. मग बघू फोटो म्हणायचं की काय ते."

ताईचा घास हातात राहिला. बाबांनी दार बंद असल्याचं तर अनेकदा सांगितलं होतं, पण त्याला कडी कुठं आहे हे पहिल्यांदाच दाखवलं होतं.

आणि योग असा की त्याच सुमाराला ऑफिसला एक ठिपका हवा होता. नवा सॅटेलाइट वर गेला होता. तो बरोबर बघतो का, हे तपासायला जमिनीवर एक खूण लागते. ही खूण म्हणजे धातूचे तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडून केलेला कोपरा, खोलीच्या कोपऱ्यासारखा, आभाळाकडे तोंड करून ठेवलेला. अशा कोपऱ्यात मारलेली हाक तीन भिंतींवर आपटून आल्या वाटेनं परत जाते, आणि चित्रात तेवढी जागा चांदणीसारखी चमकते. ही चांदणी जंगलाच्या डोंगराजवळच, मोकळ्या सपाट जागेत हवी होती. जंगलखात्यानं सांगितलं, कुंपणाबाहेरची जागा रस्तेवाल्यांची. रस्तेवाले म्हणाले, रस्ता जिथं संपतो तिथं आम्ही संपतो. साहेबांनी जाहीर केलं की महिनाअखेर जागा मिळाली नाही तर हे काम दुसऱ्या कचेरीला जाईल. ताई उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या सोसायटीच्या मागं मोकळा प्लॉट आहे. समोरच डोंगर आहे."

बोलून गेल्यावर खाली बसताना तिला वाटलं, आपण जरा घाई केली. तशी ती केलीच होती.

कोपरा बनवायला ती ग्रिलवाल्याकडे गेली. त्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "ताई, तीन बाजू दिसतात. चौथी कधी नेणार?" चौथी बाजू नाही हे पटायला त्याला अर्धा तास लागला. तयार झालेला कोपरा तिनं गुण्या लावून तपासला, तर कोन काटकोनापेक्षा फाकलेला. "मुद्दाम ठेवलंय," तो कौतुकानं म्हणाला, "पाणी साचणार नाही, आणि उद्या कुणी बसलंच तर पाठ टेकायला बरं." दुसऱ्यांदा केलेला कोपरा बरोबर आला, पण त्यानं हौसेनं कडेला वेलबुट्टी जोडली होती. ती कापायला लावताना त्याचा चेहरा बघवेना.

ते धूड गाडीच्या टपावर बांधून नवरा निघाला. नवरा विमा कचेरीत होता आणि खोटं बोलण्याच्या बाबतीत अगदीच कच्चा होता. चौकात हवालदारानं अडवून विचारलं, "हे काय आहे?" दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पाण्याच्या टाकीचं झाकण. नवरा म्हणाला, "हे आहे ना, सॅटेलाइटला आम्ही दिसावं म्हणून." पुढचा तासभर तो रस्त्याच्या कडेला उभा होता, वरिष्ठ येईपर्यंत.

मग आली परवानगी. सोसायटीचे अध्यक्ष निवृत्त हेडक्लार्क होते आणि निवृत्ती त्यांना फक्त पगारापुरतीच मान्य होती. ते म्हणाले, आधी ऑफिसचं पत्र आणा, मग ठराव करू. ऑफिस म्हणालं, आधी ठराव आणा, मग पत्र देऊ. ताई आठवडाभर या दोघांमध्ये झोक्यासारखी हेलकावत राहिली. शेवटी ऑफिसचा शिपाई आणि अध्यक्ष सोसायटीच्या फाटकात समोरासमोर उभे राहिले, प्रत्येकाच्या एका हातात आपला कागद आणि दुसरा हात समोरच्याच्या कागदावर, गोट्यांची अदलाबदल करणाऱ्या पोरांसारखे. "तुम्ही आधी सोडा." "नाही, तुम्ही."

त्याआधीची सभा तर बघण्यासारखी होती.

"हे अतिक्रमण होतं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"आपलीच जागा आहे, काका."

"म्हणूनच विचारतो. दुसऱ्याच्या जागेत केलं असतं तर प्रश्नच नव्हता."

"किरण येतात का त्यातनं?" हा प्रश्न पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. ते स्वतः दिवसभर लोकांच्या जबड्यांचे एक्सरे काढायचे, पण दुसऱ्याच्या किरणांवर त्यांचा विश्वास नव्हता.

"डॉक्टर, लहरी वरून येतातच. अगदी हलक्या असतात. आपण फक्त आल्या तशा परत पाठवणार."

"आलेल्याला असं दारातूनच परत पाठवायचं?" वरच्या मजल्यावरच्या काकू कळवळल्या. मग हळूच म्हणाल्या, "गुडघ्याला चालेल ना गं?"

गुडघ्याला चालेल असं ताईनं सांगितलं. कोपरा बसल्यावर दोन दिवसांत काकू सांगत सुटल्या की गुडघा हलका वाटतोय, आणि संध्याकाळी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून पाय पसरून बसायला लागल्या. ताईनं हात जोडले तेव्हा उठल्या, पण जाताना तिच्याकडे अशा बघत गेल्या की जणू सरकारी औषधाची बाटली तिनं एकटीनंच संपवली.

कोपऱ्याची दिशा आणि कल ताईनं मोजून लावला होता. तो जरा सरकला की परतीची हाक सॅटेलाइटला चुकवून भलतीकडे जाणार. म्हणून तिनं पाटी लावली, 'हात लावू नये'. पाटी वाचायला म्हणून जो तो जवळ येऊन कोपऱ्याला हात टेकायचा. कुणी त्यात उशा वाळत घातल्या, कुणाला ती सूर्यचूल वाटली. अध्यक्षांनी खाजगीत विचारलं की शेजारच्या बिल्डिंगची भिंत आपल्या हद्दीत वीतभर आलीय, ती वरून पकडता येईल का. आणि एका सकाळी ताईनं पाहिलं तर पत्र्याच्या उबेत सोसायटीची मांजर चार पिल्लांसह पसरलेली, आणि 'हात लावू नये' ही पाटी जगात फक्त तिनंच मनावर घेतलेली. उचलायला गेलं की गुरगुरायची. काकू म्हणाल्या, "बाळंतिणीला हलवतात का कुठं?" या मुद्द्यावर सगळी सोसायटी इतिहासात पहिल्यांदा एकमतानं उभी राहिली.

पण खरा घोटाळा झाला तो लिफ्टमध्ये. डॉक्टरांनी सहज विचारलं, "म्हणजे ताई, धातूचा काटकोनी कोपरा असला की कुणीही दिसतो म्हणा ना?"

ताई घाईत होती. ती म्हणाली, "हो."

एवढंच. एका अक्षराचं उत्तर, पण त्यानं पुढं काय काय केलं म्हणता!

सॅटेलाइट जायचा त्या पहाटेच जंगलात उभं राहून झाडांचे घेर आणि पानांची ओल मोजायची होती, म्हणजे वरचं माप आणि खालचं माप ताडून बघता येतं. ताईचा तिथं तीन दिवसांचा मुक्काम होता. निघताना तिनं बाबांना सांगितलं, "बाबा, सकाळी तेवढं मांजराला कसंही करून हलवा, आणि कुणाला कोपऱ्याला हात लावू देऊ नका. बस."

बाबांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. "धुकं पडणार उद्या. उजेडच नसेल तर कसला फोटो?"

"बाबा, उजेड लागत नाही त्याला. किती वेळा..." ताई थांबली. पिशवी उचलून जिना उतरताना तिला वाटलं, आपण अजून त्या कोपऱ्यातल्या स्टुलावरच बसलो आहोत. फक्त पाय आता जमिनीला टेकतात.

धुकं पडलंच, आणि पडलं ते असं की डोंगरावरून तिला समोरचं झाड सोडून काही दिसेना. खाली सोसायटी आहे की पुसून टाकलीय, कळायला मार्ग नव्हता. ठरल्या वेळी वरून सॅटेलाइट गेला असणार. त्याला आवाज नाही, सावली नाही, 'खट्'सुद्धा नाही. डोंगरावर फोनला रेंज नव्हती. दुसऱ्या दिवशी एका उंच दगडावर चढून तिनं नवऱ्याला फोन लावला. "सगळं ठीक आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे तसं ठीकच आहे," आणि रेंज गेली. विमावाल्या माणसाचं 'तसं ठीकच' म्हणजे काय, हे पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

डोंगरावरून ती थेट ऑफिसात गेली, कारण चित्र आलं होतं. मोठ्या पडद्यासमोर साहेब, मागं सगळा विभाग. करडं, दाणेदार डोंगररान, त्याच्या पायथ्याशी प्लॉटचा काळा चौकोन, आणि त्यात एक चांदणी! टोकदार, स्वच्छ, देखणी. ताईचे डोळे भरून आले. तेवढ्यात साहेबांनी चित्र मोठं केलं.

चांदणीच्या मागं, काळ्या चौकोनाच्या पार टोकाला, कुंपणालगत ठिपक्यांची एक रांग होती. लहानमोठे, पण शिस्तीत, सारख्या अंतरावर.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. "आपण एक मागितला होता. ही काय कवळी आहे?"

ताईनं ठिपके मोजून पाहिले. "सर, ते... स्थानिक असावेत."

"स्थानिक काय?"

"रहिवासी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मोजमाप करायला बसले. चांदणीची जागा, तिची चमक, तिच्या भोवतीचा काळा मोकळा पट्टा. तो सगळा वेळ ताई दाराशी उभी होती. महिनाभराची धावपळ, सभा, हवालदार, मांजर, आणि बाबांचं घर, सगळं त्या एका ठिपक्यात होतं. कामच गेलं तर चित्र तिजोरीत जाणार, आणि बाबांना दाखवायला पुन्हा कुठलं घर आणणार?

"मुख्य ठिपका स्वच्छ आहे," शेवटी साहेब म्हणाले. "मागची मंडळी लांब आहेत म्हणून वाचलात. काम आपल्याकडेच राहील. पण त्या रांगेचं लेखी स्पष्टीकरण द्या. आणि कुणी लावली ती रांग, तेही लिहा. बरी लावलीय."

चित्राची प्रत गुंडाळून ताई घरी आली तर फाटकातच थबकली. प्लॉटच्या टोकाला ती रांग जशीच्या तशी उभी होती. लोखंडी कपाटांचे दरवाजे, पत्र्याच्या ट्रंकांची झाकणं, कूलरच्या बाजू, विटांच्या आधारानं, दोऱ्यांनी बांधून, काटकोनात. आणि डॉक्टर फाटकाशी येऊन काकुळतीनं म्हणाले, "ताई, फोटो आला का हो? आमच्या कपाटाला तीन दिवस दार नाही. मांजर पिल्लं घेऊन बायकोच्या साड्यांत शिरू बघतेय."

वर आल्यावर नवऱ्यानं सगळं सांगितलं.

"अगं, पहाटे उठून बघतो तर धुक्यातनं माणसं येतायत. प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी पत्र्याचं. तू डॉक्टरांना 'हो' म्हणालीस म्हणे! डॉक्टर दवाखाना वरून दिसावा म्हणून कपाट घेऊन आलेले. अध्यक्षांना हद्दीचा पुरावा हवा. आणि काकू ट्रंकेचं झाकण कुशीत घेऊन. म्हणे, मुलगा इतक्या लांब असतो, त्यालाही दिसेल का रे मी? काय सांगणार? आणि सगळ्यांना तुझ्या कोपऱ्याला चिकटूनच उभं राहायचंय!"

"आणि बाबा?"

"बाबा आधी ओरडले. कोण ऐकतंय! आधी मांजरीलाच हलवता येईना. मग ते घरात आले आणि..." नवरा जरा घुटमळला. "ते काळं कापड घेऊन गेले. खोक्यात घातलं आणि खोकं मांजरीशेजारी ठेवलं. तिनं हुंगलं, आणि एकेक पिल्लू उचलून आपणहून त्यात नेलं. उबदार आहे म्हणे ते कापड. काकू तर ओवीच म्हणायला लागल्या."

काकूंनी म्हटलेलं नवऱ्याला पाठ झालं होतं:

धुकं दाटलं दाटलं, दिसेना गं हाता हात,
वरून कोण पाहतो माझ्या अंगणाची वाट.

"आणि मग बाबा वळले," नवरा म्हणाला. "अगं, तू त्यांना तसं पाहायला हवं होतंस! पाठ ताठ, आवाज असा की धुकं बाजूला व्हावं. 'प्रमुख पाहुणा पुढं एकटा. बाकीच्यांनी पार मागं, कुंपणाला. उंच कपाटं मधे, ट्रंका कडेला. एकाची सावली दुसऱ्यावर नको. आणि तोंडं तिकडं, जिकडं माझी मुलगी त्या कोपऱ्याचं तोंड करून गेलीय.' एकेकाचा कोन हातानं सरळ केला. आणि मग, 'हलू नका!' काय सांगू, एवढी सोसायटी, मेन्टेनन्सच्या सभेत कधी दोन मिनिटं गप्प बसली नाही, ती श्वास धरून उभी!"

"पण सॅटेलाइट गेला कधी, हे त्यांना कसं कळलं?"

"नाहीच कळलं. तू सांगितलेली वेळ झाली तसं त्यांनी घड्याळ बघत जिभेनं 'टक्' केलं. 'झालं' म्हणाले. आणि पुढचं काही म्हणेचनात. लोक तसेच उभे. शेवटी अध्यक्ष म्हणाले, 'हलू का?' तर बाबा म्हणाले, 'फोटो आला की नाही कळल्याशिवाय कसं सांगू? पुन्हा काढावा लागला तर?' माणसं हळूहळू घरी गेली, पण दरवाजे कुणी उचलू शकलं नाही. रोज दोनदा खाली जाऊन रांग बघून येतात ते."

ताई आतल्या खोलीत गेली. बाबा टेबलाशी बसले होते, दिवा आधीच लावलेला, भिंग हाताशी. म्हणजे ती आल्याचं त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. खोक्यातली मांजर त्यांच्या पायाशी होती. खाली अंथरलेलं ते काळं कापड आता केसांनी पांढुरकं झालं होतं.

तिनं प्रत टेबलावर पसरली. "बाबा, हा डोंगर. हे रान, बघा किती दाट ओ आहे. हा प्लॉट. आणि ही चांदणी, हे... आपलं घर."

बाबा भिंग घेऊन वाकले. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचा डाग शोधताना वाकायचे तसेच. घरात फक्त मांजरीची घरघर. एव्हाना दारात अध्यक्ष, काकू, डॉक्टर जमले होतेच. निकालाच्या दिवशी शाळेत जमावं तसे.

"ही काकू," बाबा एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले. "कडेची. ट्रंक लहान, पण काय धरली होती! एकदम लख्ख."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. "दिसतेय मी? एवढ्या धुक्यात?" मग सावरून म्हणाल्या, "याचा एक मला हवा गं. मुलाला पाठवते. ओळखेल तो."

"हे डॉक्टर. फिकट आलेत, फरफटलेत." बाबांनी वर पाहिलं. "हललात तुम्ही."

"अहो, दार बांधलं नव्हतं, हातात धरलं होतं," डॉक्टर पुटपुटले. "हात भरून आला."

"आणि मी?" अध्यक्ष पुढं सरसावले.

बाबांनी भिंग दोनदा फिरवलं. "तुमच्या जागी काळोख आहे."

चौकशीत निघालं की अध्यक्षांनी आणलेला कोपरा प्लायवूडचा होता, वरून चंदेरी रंग मारलेला. ताईनं हळुवारपणे समजावलं की रडारला रंग कळत नाही. अध्यक्ष खुर्चीत बसले. आयुष्यभर सह्या करून दिसत राहिलेला माणूस, आज प्रथमच कागदावर नव्हता. "पुढच्या वेळी लोखंडाचा आणीन," ते म्हणाले, "हद्दीपाशी."

तेवढ्यात खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेला कुणीतरी दारातून डोकावला. "हे काय आहे हो? टीव्ही बिघडलाय का?"

ताईला वाटलं, आता बाबा म्हणणार, ऑफिसचं काहीतरी आहे. ती टेबलाच्या कडेला उभी होती, हात मागं बांधून. आपण श्वास धरून ठेवलाय हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. कागदाच्या वळलेल्या कडा दोन्ही तळव्यांनी सपाट केल्या, खूप सावकाश, ओला फोटो सपाट करतात तशा.

"आमचा ग्रुप फोटो आहे," ते म्हणाले. "धुक्यात काढलेला. मला नसता आला. माझ्या मुलीनं काढलाय."

मग त्यांनी मान वळवली, आणि तिला तशी ताठ, थिजलेली उभी बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"छान आलाय, ताई," बाबा म्हणाले. "झालं. आता हललीस तरी चालेल."